हळदीच्या मुलखात आम्ल-आम्लारी शिकवताना

नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता वारंगा फाट्यावर फुटतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून थेट नागपूरच्या दिशेने. येणारे-जाणारे इथे खिचडी-भजी खायला थांबतात. आम्ल आणि आम्लारींचा अभ्यास सुरू करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही, कारण या सगळ्या पट्ट्यात हळद पिकते. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शाळेत लिटमस कागदाची डबी संपली म्हणून धडा अडतो, आणि त्याच शाळेतल्या मुलांच्या घरी रसायनशास्त्रातला एक उत्तम नैसर्गिक दर्शक पोत्यांनी भरून ठेवलेला असतो.

हे पुस्तक आठवी ते दहावीच्या विज्ञानशिक्षकांसाठी आहे. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या कुणाचेही इथे स्वागत आहे. रसायनशास्त्राची पदवी नसलेल्या शिक्षकाने बिचकू नये. हा विषय हाताने करून कळतो, आणि करायला लागणारे बहुतेक सामान स्वयंपाकघरात, पानटपरीवर आणि शेतात आहे.

हळदीचे काय होते ते मुलांनी पाहिलेले असते. मुका मार लागला की आजी हळद-चुन्याचा लेप लावते आणि पिवळी हळद बघता बघता लालभडक होते. शर्टावर सांडलेल्या वरणाच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, धुतला की पुन्हा पिवळा. भज्यांच्या पिठात सोडा जास्त पडला आणि नीट मिसळला नाही तर भज्यात लालसर ठिपके दिसतात. या तिन्ही घटना एकच आहेत, हे मुलांना कुणी सांगितलेले नसते. हळदीतल्या कुर्क्युमिनचा रेणू आम्लारीत आपला हायड्रोजन सोडून देतो, त्याची प्रकाश शोषण्याची तऱ्हा बदलते आणि रंग पालटतो. आम्ल घातले की हायड्रोजन परत मिळतो आणि रंगही परत येतो. लेपावर लिंबू पिळून हे दाखवावे. रंग परत फिरतो, तेव्हा मुलांना पहिल्यांदा जाणवते की इथे काहीतरी दिले-घेतले जात आहे. योहानेस ब्रॉन्स्टेड आणि थॉमस लॉरी यांनी 1923 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आम्लाची जी व्याख्या केली ती हीच: प्रोटॉन देणारे ते आम्ल, घेणारा तो आम्लारी. व्याख्या आधी फळ्यावर लिहून मग प्रयोग दाखवण्याची रीत मला उलटी वाटते.

एखादी चौकस मुलगी इथे विचारेल, मग कुंकू का पिवळे होत नाही? प्रश्न फार मोलाचा आहे. पारंपरिक कुंकू करताना हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावतात. टाकणखारातला बोरॉन कुर्क्युमिनशी बांधला जातो आणि निराळेच लाल संयुग तयार होते. चुन्याने आलेला लाल रंग आणि कुंकवाचा लाल रंग दिसायला जवळचे, पण घडण वेगळी. नुसत्या रंगावरून निष्कर्ष काढू नये, हे सांगायला याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

हळदीची मर्यादाही त्याच तासाला दाखवावी. लिंबाच्या रसात ती पिवळी, साध्या पाण्यात पिवळी आणि दह्यातही पिवळीच. पीएच साधारण साडेसात-आठच्या पुढे गेला तरच ती बोलते, त्याखालचे सगळे तिला सारखे. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. अंगणातल्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करल्या की काम होते: आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट. रॉबर्ट बॉइलने 1664 साली रंगांवरच्या आपल्या ग्रंथात व्हायोलेटच्या फुलांच्या अर्काने हेच केले होते. दर्शकांचा इतिहास तिथून सुरू झाला असे धरायला हरकत नाही.

आता सामूकडे, म्हणजे पीएचकडे. माझ्या मते शाळेत सगळ्यात निसटणारा भाग हा आहे. भिंतीवर 0 ते 14 ची रंगीत पट्टी लागते, मुले ती पाठ करतात: सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी, मध्ये उदासीन. परीक्षेत गुण मिळतात, आणि पट्टी मोजते काय हे कुणालाच विचारले जात नाही. सोरेन सोरेन्सेन हा डॅनिश रसायनशास्त्रज्ञ कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर काम करत होता. हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात थोडा फरक पडला तरी विकरांचे काम मंदावते किंवा थांबते, आणि ते प्रमाण लिहायचे तर दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग लागते. 1909 साली त्याने ती शून्ये मोजण्याची युक्ती काढली. शुद्ध पाण्यात 25 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये 0.0000001 मोल हायड्रोजन आयन असतात, म्हणून सामू 7. पाण्याचे सुमारे पंचावन्न कोटी रेणू घेतले तर त्यातला एक फुटलेला असतो, एवढीच ही गोष्ट. सामू एकाने उतरला की आयन दहापट, दोनाने उतरला की शंभरपट. हे दहापटीचे गणित मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत रंगीत पट्टी भिंतीवर लावूच नये, असे मी आग्रहाने म्हणतो.

त्यासाठी एक प्रयोग पुढच्या प्रकरणात सविस्तर दिला आहे. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल दहापट पातळ करत जायचे आणि दर वेळी सामू मोजायचा. 1, 2, 3 असा तो एकेक पायरी चढतो. तेच व्हिनेगरच्या बाबतीत केले तर दर पायरीला सामू जेमतेम अर्ध्याने वाढतो. कारण व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल सौम्य आहे. त्याचे बहुतेक रेणू न फुटता बसलेले असतात, आणि पातळ केले की त्यातले आणखी थोडे फुटतात. तीव्र आम्ल आणि संहत आम्ल यांची गल्लत इथे कायमची मिटते. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही पातळ केले तरी सामू सातच्या पलीकडे का जात नाही, हा प्रश्न मुलांवर सोडून द्यावा, उत्तराची घाई करू नये. ऊर्ध्वपातित पाणी उघडे ठेवले की मीटर सातऐवजी सहाच्याही खाली दाखवतो आणि मुले मीटरला दोष देतात. मीटर बरोबर असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी किंचित आम्लधर्मी होते. पावसाचे स्वच्छ पाणीही त्यामुळेच 5.6 च्या आसपास भरते.

शेताकडे गेल्याशिवाय या भागातला वर्ग पुरा होत नाही. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका घरोघरी पोचू लागली, तिच्यावर सामूचा आकडा असतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत तो बहुधा साडेसात ते साडेआठ, कारण बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत चुनखडी भरपूर. अशा जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. उसाचे, हळदीचे कोवळे पान पिवळे पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग गंधक टाकून सामू उतरवू, असे कुणीतरी सुचवते. इथे मुलांना हिशेब करायला लावावा. एका हेक्टरच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन साधारण 22 लाख किलो धरतात. त्यात चुना एक टक्का असला तरी 22 टन झाला, आणि तो संपवायला सुमारे 7 टन गंधक लागेल. पाच टक्के असेल तर 35 टन. चुना शिल्लक आहे तोवर सामू फारसा हलणार नाही. आकडा सांगतो तो या घडीची स्थिती, मातीत दडलेला साठा सांगत नाही. म्हणून शेतकरी हिराकशीची फवारणी करतो, चिलेटेड लोह देतो, शेणखत वाढवतो, आणि ते बरोबर आहे. पाठ्यपुस्तकात सामूबरोबर या साठ्याची चर्चा जवळपास नसते, म्हणून एक पूर्ण प्रकरण मी त्यालाच दिले आहे.

याच जमिनीतल्या पाण्यातला चुना ठिबकच्या नळ्यांत साचतो आणि छिद्रे बुजवतो. त्यावर शेतकरी नळ्यांतून आम्ल सोडतात. मुलांनी घरी पाहिलेले हे उदासिनीकरणच आहे, बुडबुड्यांसकट. लोणार सरोवराची सहलही या अभ्यासात बसवावी. तिथल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते आटत जाते, सोडियमचे क्षार मागे राहतात आणि सामू दहाच्या आसपास जातो. हळदीत भिजवून वाळवलेला कागद सोबत न्यावा.

सामानाची यादी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आहे. चुना टपरीवर मिळतो, बॅटरीत भरायचे ऊर्ध्वपातित पाणी फाट्यावरच्या गॅरेजमध्ये, धुण्याचा सोडा किराणा दुकानात. बॅटरीतले आम्ल मात्र वर्गात आणायचे नाही. ठिबकसाठी ठेवलेल्या आम्लाच्या कॅनलाही मुलांनी हात लावायचा नाही. शिक्षकाने स्वतः आम्ल पातळ करताना ते पाण्यात थेंबाथेंबाने सोडावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. सारखी दक्षता आम्लारीच्या बाबतीतही घ्यायची आहे. आम्ल तेवढे जाळते आणि आम्लारी निरुपद्रवी, असा समज मुलांत पक्का असतो, पण चुन्याची डबी फुटून डोळ्यात उडालेला चुना डोळा कायमचा घालवू शकतो. पहिला तास यावरच घ्यावा, आणि दुसऱ्या तासाला हळद काढावी.