पॉवर अँड एनर्जी सोसायटी (आयईईई)
आयईईईमधील, वीजक्षेत्रातील अभियंत्यांची व्यावसायिक संघटना. तिचे मूळ १८८४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत आहे. ती संस्था १९६३ मध्ये आणि रेडिओ अभियंत्यांची संस्था एकत्र येऊन आयईईई बनली. सोसायटीचे अध्यक्षापासून स्थानिक चॅप्टरपर्यंतचे पदाधिकारी नोकरी सांभाळून बिनपगारी काम करतात.

खरा कस तांत्रिक समित्यांत लागतो. ट्रान्सफॉर्मर समिती सी५७ मालिकेतील मानकांचे मसुदे तयार करते. मतदानात किमान ७५ टक्के मतपत्रिका परत याव्या लागतात, होकारही ७५ टक्के लागतो. नकार देणाऱ्याने कारण लिहायचे आणि त्याच्या हरकतीला समितीने उत्तर द्यायचे. एकेका कलमावर खल लांबतो तो यामुळेच. सदस्य मत देतो ते व्यक्ती म्हणून, पण कोणत्या कंपनीशी संबंध आहे हे त्याला जाहीर करावे लागते. ही अट रास्तच, कारण ट्रान्सफॉर्मर विकणारे आणि घेणारे एकाच टेबलाशी बसतात.