माउंटन बाइकचे डिस्क ब्रेक : पॅड व रोटर बदलणे

चाकाच्या हबला जोडलेली पोलादी चकती (रोटर) दोन पॅडांत आवळून सायकल थांबवणारी यंत्रणा म्हणजे डिस्क ब्रेक. हायड्रॉलिक प्रकारात लिव्हर दाबला की नळीतला द्रव पॅड धरणाऱ्या कॅलिपरमधले पिस्टन पुढे ढकलतो. झिजतात ते मुख्यतः पॅड आणि रोटर. दोन्ही घरी बदलता येतात.

शिमानोच्या पॅडवर घर्षणाचा थर ०.५ मिमी. उरला की पॅड बदलावा. त्याच कंपनीचा रोटर नवा असताना साधारण १.८ मिमी. जाड असतो, १.५ मिमी.वर आला की बाद. रेझिनचे पॅड शांत चालतात, पण पावसाळी चिखलात भराभर संपतात. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्याने सिंटर्ड धातूचे पॅड घ्यावेत, मात्र आधी रोटर पाहावा. स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते. धातूचे पॅड असा रोटर खाऊन टाकतात.

चाक काढल्यावर, जुने पॅड जागेवर असतानाच, प्लास्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन हळूच मागे सारावेत. पॅड काढून उघड्या पिस्टनवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर सिरॅमिकचा पिस्टन तडकू शकतो. मग पिन काढून पॅड व मधली स्प्रिंग एकत्र बाहेर घ्यावी आणि नवी जोडी तशीच बसवावी. चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये, पिस्टन पुढे येऊन अडकतात.

सहा बोल्टांचा रोटर टी-२५ टॉर्क्स पान्याने निघतो. बसवताना बाणाची दिशा पाहावी, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत. सेंटरलॉक रोटरला वेगळा पाना लागतो. शेवटी चाक परत बसवून, कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करून, लिव्हर दाबून धरून, आळीपाळीने घट्ट करावेत. मागे पांढरा कागद धरला की रोटरच्या दोन्ही अंगांना उजेडाची बारीक रेघ दिसते. ती सारखी हवी. दर फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर रोटर वाकलेला आहे.

या कामात पान्यापेक्षा हातांची स्वच्छता मोलाची. साखळीच्या तेलाचा एक शिंतोडाही ब्रेकची पकड घालवतो. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो. तेल प्यालेला पॅड मात्र टाकूनच द्यावा, ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको.

नवे पॅड लगेच धरत नाहीत. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून चाक लॉक न करता, चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावल्यावर पॅडच्या द्रव्याचा पातळ थर रोटरवर बसतो. तोवर घाट उतरू नये. एवढे करूनही लिव्हर लिबलिबीत लागला तर नळीत हवा आहे. ती काढताना कंपनीने सांगितलेलाच द्रव भरावा : शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट द्रव. अदलाबदल झाली तर आतली रबरी सीले फुगून निकामी होतात.