शिखरांची वाट आणि वाटेची राखण

सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या बागांत वसलेल्या शेंदूरजनाघाटच्या जैन बांधवांना तीर्थाचा डोंगर अपरिचित नाही. परतवाड्याजवळचे, आज मध्यप्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात मोडणारे मुक्तागिरी हे वऱ्हाडातील श्रावकांचे घरचेच सिद्धक्षेत्र. साडेतीन कोटी मुनी येथून मोक्षास गेले अशी श्रद्धा आहे. पायऱ्या चढत, धबधब्याच्या कडेने, क्रमांकानुसार बावन्न मंदिरांची वंदना करण्याचा पहिला धडा आपल्याकडील बालके याच डोंगरावर गिरवतात. या धड्याची परीक्षा मात्र झारखंडातील श्री सम्मेदशिखरजीवर होते.

चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. गिरिडीह जिल्ह्यातील हा पारसनाथ पर्वत सुमारे 1,365 मीटर उंच असून झारखंडमधील सर्वांत उंच आहे. पायथ्याच्या मधुबनातून चढण नऊ किलोमीटर, टोंकांची प्रदक्षिणा नऊ आणि उतरण नऊ, अशी एकूण 27 किलोमीटरची ही वंदना. रात्री दोन-तीनच्या सुमारास संघ निघतो. पुढे माहीतगार, मध्ये वृद्ध व बालके आणि मागे तरुण, अशी रांग लागते. गंधर्व नाला, शीतल नाला ओलांडून प्रथम गौतम गणधरांच्या टोंकेस वंदन होते. तेथून एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावर, प्रत्येक टोंकेवरील चरणचिन्हांपुढे नतमस्तक होत संघ पुढे सरकतो. चंद्रप्रभ भगवंतांची टोंक दूर व अवघड चढणीची, तेथेच अनेकांचा धीर खचतो. जलमंदिराकडून पुढे जाऊन शेवटी सर्वोच्च अशा पार्श्वनाथ टोंकेवर वंदना पूर्ण होते. कित्येक जण हे सारे अनवाणी आणि निराहार करतात.

ही यात्रा एकट्याने न करता संघाने करावी, या परंपरेमागे भक्तीइतकीच व्यवहाराची जाण आहे. कवी बनारसीदास यांनी 1641 मध्ये लिहिलेल्या आपल्या आत्मचरित्रात, हीरानंद मुकीम यांनी 1604 च्या सुमारास शिखरजीस नेलेल्या संघाची हकीकत नोंदविली आहे. कवीचे वडील खरगसेन त्या संघात होते. परतीच्या वाटेवर अनेक यात्रेकरू आजारी पडले, काही दगावले, आणि खरगसेनही आजारी अवस्थेतच घरी पोचले. त्या काळी यात्रेस निघणे म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊनच निघणे होते. 1906 मध्ये ग्रँड कॉर्ड लोहमार्ग खुला झाला आणि इसरीच्या पारसनाथ स्थानकामुळे दूरदूरच्या श्रावकांस शिखरजी जवळ आले. वाट सोपी झाली, पण तिची राखण करण्याची जबाबदारी मात्र वाढली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पर्वतावर डुकराच्या चरबीचा कारखाना निघाला, तेव्हा समाजाने कलकत्त्याच्या न्यायालयात दाद मागून तो बंद पाडला. 1893 च्या शिकागो धर्मपरिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद राघवजी गांधी यांनी या कामी कलकत्त्यास राहून परिश्रम घेतले होते. पुढे युरोपियनांसाठी डोंगरावर बंगले बांधण्याची योजना आली, तीही विरोधामुळे सोडून द्यावी लागली. 1918 मध्ये आणंदजी कल्याणजी पेढीने पालगंजच्या राजाकडून पर्वत विकत घेतला. दिगंबर व श्वेतांबर बांधवांतील हक्कांचे वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, हे दुःखद सत्यही इतिहासाच्या याच पानावर आहे.

आपल्या मुक्तागिरीची कथा याहून वेगळी नाही. इंग्रजी अमलात शिकारीसाठी पादत्राणे घालून लोक त्या पवित्र डोंगरावर फिरत. ते थांबावे म्हणून वऱ्हाडातील श्रावकांनी पदरमोड करून खापर्डे यांच्या मालगुजारीतील तो डोंगर विकत घेतला. आज आपण तेथे निश्चिंतपणे वंदना करतो, ती त्यांच्या दूरदृष्टीमुळे.

हा प्रश्न कायमचा मिटलेला नाही. 2 ऑगस्ट 2019 च्या केंद्रीय अधिसूचनेत पारसनाथ अभयारण्याभोवतीच्या क्षेत्रात पर्यावरणीय पर्यटनास वाव ठेवण्यात आला. तीर्थाचे सहलीचे ठिकाण होईल या चिंतेने देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला आणि 5 जानेवारी 2023 रोजी केंद्राने पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. त्याच वेळी संथाळ बांधवांनीही हा पर्वत आपला ‘मरांग बुरू’ असल्याचे ठामपणे सांगितले. आपल्या वृद्धांना डोलीतून शिखरावर नेणारे हात तेथील गावकऱ्यांचेच आहेत. त्यांची श्रद्धाही आदराने पाहणे हे अनेकांतवादाच्या उपासकांचे कर्तव्य ठरते.

कायदा डोंगराचे रक्षण करील, पण पावित्र्य राखणे यात्रेकरूच्याच हाती आहे. वाटेवर टाकलेली प्लॅस्टिकची बाटली, टोंकेपाशी छायाचित्रांसाठी केलेली गर्दी, मागे राहिलेल्या वृद्धाकडे न पाहता गाठलेले शिखर, यांनीही तीर्थाची हानीच होते. पूर्वजांनी न्यायालयात लढून आणि पदरचे द्रव्य खर्चून ही वाट आपल्या हाती दिली. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या गावातून निघणाऱ्या प्रत्येक संघाने तिची राखण हाही वंदनेचाच एक भाग मानावा, एवढीच नम्र अपेक्षा.