उरल्या अन्नाचा सकस आठवडा

रात्रीची जेवणे आटोपली, की पुण्यातील बहुतेक घरांच्या ओट्यावर थोड्याफार फरकाने तेच चित्र दिसते. कुकरमध्ये वाटीभर भात, डब्यात तीन-चार पोळ्या, पातेल्याच्या तळाशी वरण आणि कढईत चार चमचे भाजी. एका माणसाचे पोट भरावे इतके हे नसते आणि टाकून द्यावे इतके थोडेही नसते. सकाळी त्याच भाताला फोडणी द्यायची, पोळ्यांचा कुस्करा करायचा, ही मराठी घरांची जुनी रीत. ती काटकसरीची आहेच. योग्य काळजी घेतल्यास ती आरोग्याचीही ठरते. मात्र ही काळजी सकाळी फोडणी देताना घेऊन भागत नाही. ती आदल्या रात्रीच घ्यावी लागते.

परंपरेतील तारतम्य

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या व रस गेलेल्या अन्नाची गणना तामस आहारात केली आहे. शीतकपाट नसलेल्या काळात हा इशारा रास्तच होता. तरीही ज्या समाजाने हा इशारा मानला, त्याच समाजाने शिळी भाकरी ताकात कुस्करून खाल्ली आणि फोडणीच्या पोळीला ‘माणिकमोती’ असे कौतुकाचे नाव दिले. यात विसंगती नाही. भाजलेल्या भाकरीत व पोळीत ओलावा कमी असतो, त्यामुळे त्या रात्रभर टिकतात. दह्या-ताकाच्या आंबटपणात अनेक अपायकारक जंतूंची वाढ मंदावते. वरण, उसळ, रस्सा हे ओलसर पदार्थ मात्र उन्हाळ्यात रात्रीतून आंबतात, म्हणून ते सहसा उरू दिले जात नसत. काय ठेवावे आणि काय ठेवू नये, याचे हे तारतम्य अनुभवातून आले होते.

भाताचा धोका

या हिशेबात एका पदार्थाने मात्र सर्वांनाच चकवले, तो म्हणजे भात. तांदळात ‘बॅसिलस सीरियस’ नावाच्या जिवाणूची बीजे असू शकतात. ती शिजवल्यावरही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला, की ती रुजतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवून आणणारे हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते नाहीसे होत नाही. अशा भाताला वास येईलच असेही नाही. झाकण लावून रात्रभर ओट्यावर राहिलेला कुकर म्हणूनच धोक्याचा. आत दाटीने बसलेला भात मध्यभागी फार हळू निवतो.

उपाय सोपा आहे. उरलेला भात कुकरमधून काढून परातीत किंवा पसरट डब्यात पातळ पसरावा, वाफ जाऊ द्यावी आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. तो दुसऱ्या दिवशीच संपवावा. थंड झालेल्या भातातील काही पिष्टाचे रूप बदलते व ते सावकाश पचते, असे आहारशास्त्र सांगते. हा लाभ माफक आहे. त्याच्या भरवशावर मधुमेही व्यक्तींनी भाताचे प्रमाण वाढवू नये.

टाकलेले अन्न कुठे जाते?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. भारतातील घरांसाठी हा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. त्यात साली, देठ यांसारखे न खाल्ले जाणारे भागही धरलेले आहेत.

पुण्यात हा प्रश्न दारापर्यंत येतो. महापालिकेशी २००८ मध्ये करार केलेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा गोळा करतात. आंबलेली आमटी आणि बुरशी आलेल्या पोळ्या शेवटी कुणाच्या तरी हातांनाच हाताळाव्या लागतात. उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी शहराच्या कचऱ्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली, हेही पुणेकरांना ठाऊक आहे.

सोमवार ते रविवार

उरलेला पदार्थ नुसता गरम करून वाढण्यापेक्षा त्यात जे कमी आहे ते घालावे, हे पुढील आठवड्याचे सूत्र. भात-पोळीत डाळ, दाणे व भाजी घालावी. वरण-उसळीला ताज्या, कच्च्या भाज्यांची जोड द्यावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या दैनिक आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत, तर तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. फोडणीचे पदार्थ करताना हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

सोमवार : रविवारच्या भातात वाफवलेले मटार, मोड आलेले मूग, किसलेले गाजर आणि मूठभर दाणे घालून फोडणीचा भात करावा. चार जणांच्या भाताला दोन चहाचे चमचे तेल पुरते. तांदूळ व कडधान्य यांच्या प्रथिनांतील उणिवा परस्परांमुळे भरून निघतात. भात थोडाच असेल तर तो कुस्करून भाजणीत मिसळावा व कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ लावावे.

मंगळवार : पोळ्यांचा कुस्करा करताना पोळ्यांइतकाच कांदा, कोबी व सिमला मिरची घ्यावी. भाज्या परतून झाल्यावर कुस्करा घालून पाण्याचा हबका मारावा व वाफ आणावी. तेल कमी लागते. सोबत लिंबू व वाटीभर ताक. मुलांच्या डब्यासाठी गूळ, थोडे तूप व दाण्याचे कूट घालून पोळीचे लाडू वळावेत.

बुधवार : उरलेल्या वरणात किंवा आमटीत पाणी वाढवून उकळी आणावी आणि कणकेच्या चकोल्या सोडाव्यात. चिरलेला पालक किंवा मेथी घातली, की एका पातेल्यात पूर्ण जेवण होते. आमटीत मीठ आधीच असते, म्हणून कणकेत वेगळे घालू नये.

गुरुवार : मटकीच्या उसळीची घरगुती मिसळ करावी. उसळ चांगली उकळावी. वर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर भरपूर आणि फरसाण चिमूटभर. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते, त्यामुळे लिंबाची फोड विसरू नये. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचा वार बहुधा गुरुवारच. दार न उघडल्यास फ्रिज सुमारे चार तास थंडावा धरतो. वीज त्याहून अधिक काळ नसेल, तर आतील शिजलेले अन्न वापरू नये.

शुक्रवार : दुधी, कोबी, बटाटा यांच्या उरलेल्या सुक्या भाज्या कुस्कराव्यात आणि ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, ओवा व तीळ घालून त्यांचे धपाटे करावेत. रसदार भाजी असेल तर पीठ भिजवायला वेगळे पाणी लागत नाही.

शनिवार : हा दिवस एरवी फेकल्या जाणाऱ्या भागांचा. दोडक्याच्या शिरा, दुधीच्या साली स्वच्छ धुऊन खमंग परताव्यात व तीळ, सुके खोबरे घालून चटणी वाटावी. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आमटीच्या वाटणात जातात. शिळी भाकरी असेल तर ताक, कांदा व हिरवी मिरची घालून तिचा काला करावा.

रविवार : मंडईत जाण्यापूर्वी फ्रिज रिकामा करावा. आंबट झालेल्या ताकाची कढी आणि सुकत चाललेल्या भाज्यांची मुगाच्या डाळीसह खिचडी, असा बेत ठेवावा. काय उरले हे पाहूनच खरेदीची यादी करावी. निम्मी उधळपट्टी तिथेच थांबते.

पाळावयाचे नियम

शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरातच. फ्रिजचे तापमान पाच अंशांपेक्षा अधिक नसावे. भात एक दिवस, इतर पदार्थ फार तर तीन दिवस ठेवावेत. खाताना अन्न मध्यापर्यंत वाफाळेल इतके गरम करावे आणि एकदा गरम केलेले पुन्हा ठेवू नये. पोळीवर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी संपूर्ण पोळी टाकावी. धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व आजारी व्यक्तींना ताजे अन्नच द्यावे. शंका आली, तर चव घेऊन पाहण्याचा मोह टाळावा.

वाटणीचा प्रश्न

आणखी एक गोष्ट उरतेच. अनेक घरांत ‘शिळे’ हे घरातील बाईच्या वाट्याला आणि ताजे इतरांना, अशी न बोललेली वाटणी असते. सर्वांचे जेवण झाल्यावर भांड्यातले संपवण्यासाठी खाल्लेला घास तिच्या पोषणाच्या हिशेबात कुणी धरत नाही. उरलेल्या अन्नातून विचारपूर्वक नवा पदार्थ केला आणि तो सर्वांच्या पानात वाढला, तर ही वाटणी आपोआप मोडते. रात्री भात परातीत पसरण्याचे आणि डबे झाकून ठेवण्याचे कामही मग एकटीचे राहू नये. जेवून उठणाऱ्या कुणालाही ते पाच मिनिटांत करता येते.