द्रुतरेखाटन आणि इतिहासाचा अभ्यास : पुणे दरबारातील काही रेखाटनांचा विचार

१

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना आपण बखरी, पत्रव्यवहार, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी ह्यांची गणना प्रथम करतो. चित्रे आलीच, तर ती बहुधा ग्रंथाच्या शोभेकरिता येतात. त्यांतही रंगवून पुरी केलेली, चौकटीत बसवलेली चित्रे तेवढी आपल्या नजरेस पडतात. त्यांच्या आधी कागदावर त्वरेने उतरलेली रेखाटने कच्चे काम म्हणून बाजूस राहतात. ही वहिवाट बदलावयास हवी, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. वस्तू समोर असताना थोड्या वेळात हाताने काढलेले चित्र, ज्याला पुढे सोयीसाठी द्रुतरेखाटन म्हटले आहे, ते कामाचे टिपण असते, अभ्यासाचे साधन असते आणि पुढील निर्मितीचे बीजही असते. इतकेच नव्हे, तर पुष्कळदा ते पुऱ्या झालेल्या चित्राहून अधिक विश्वसनीय पुरावा ठरते. ह्या विधानाची परीक्षा करण्यास योग्य असे उदाहरण अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यातच सापडते.

२

ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून चार्ल्स वॉर मॅलेट १७८६ मध्ये पुणे दरबारी आला व १७९७ पर्यंत तेथे राहिला. राजकारणाबरोबरच ह्या प्रदेशातील माणसे, प्राणी, देवळे आणि लेणी ह्यांविषयी त्याला जिज्ञासा होती. ती पुरी करण्यासाठी त्याने पुण्यातीलच एका कारागिराला कामास लावले. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हे त्याचे नाव. आडनावावरून तांबटांच्या व्यवसायाशी घराण्याचा संबंध सुचतो. त्याची अनेक चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा (१७९०), व्यायाम करणारा मल्ल (१७९२), पर्वती टेकडी व तिच्यावरील देवळे (१७९५) असे त्यांचे विषय आहेत.

ह्यांतील पहिल्या तारखेकडे लक्ष द्यावयास हवे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (जन्म १७४७) मुंबईस उतरला तो १७९१ मध्ये, आणि पुण्यास आला तो त्यानंतर. म्हणजे गेंड्याचे चित्र निघाले, तेव्हा वेल्स हिंदुस्थानात पोहोचलाही नव्हता. गंगारामची सर्व कला विलायती शिक्षकाकडून आली, असे गृहीत धरण्याची जी सवय आपल्याला आहे, तिला ही एक तारीख पुरेसा आक्षेप घेते. वेल्सच्या सहवासात गंगाराम यथार्थदर्शन व छायाप्रकाश ह्यांविषयी काही शिकला असेल, परंतु वस्तूकडे पाहून ती रेखेत उतरवण्याचे सामर्थ्य त्याच्या हातात आधीपासून होते.

ते असावे ह्यात आश्चर्यही नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात, चित्राच्या कोणत्या अंगाची प्रशंसा कोण करतो हे सांगताना, आचार्य रेखेची प्रशंसा करतात असा निर्वाळा दिलेला आहे. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत प्रमाण आणि सादृश्य ह्यांना स्वतंत्र स्थान आहे. गंगारामने हे ग्रंथ वाचले होते असे सुचवावयाचे नाही. रेखेला प्रथम मान देणारी दृष्टी ह्या देशाच्या कारागिरीत जुनी होती, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

वेल्सने पुण्यात सवाई माधवराव पेशवे व नाना फडणीस ह्यांची चित्रे काढली. ह्याच सुमारास शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा भरू लागली, तिच्याशी गंगारामचाही संबंध होता. दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनी पुण्याच्या गतकाळावरील आपल्या १९२१ च्या इंग्रजी ग्रंथात पुणे दरबारातील ह्या चित्रकलेकडे वाचकांचे लक्ष वेधले होते. परंतु हा उपक्रम अल्पायुषी ठरला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा वयाच्या एकविसाव्या वर्षी मृत्यू झाला. त्यापाठोपाठ नोव्हेंबरमध्ये, मुंबई परिसरातील लेण्यांच्या चित्रांचे काम हाती असतानाच, वेल्सही वारला. आश्रयदाता गेला, शिक्षक गेला, आणि दोन वर्षांत मॅलेटनेही पुणे सोडले. मागे उरले ते कागद. एखाद्या संस्थेचा इतिहास तिच्या इमारतीपेक्षा तिच्यातील रेखाटनांनी अधिक काळ टिकवावा, असा हा प्रसंग आहे.

३

ह्या कागदांचा अभ्यासाला काय उपयोग झाला, हे वेरूळच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मॅलेटने वेरूळच्या लेण्यांचे वर्णन लिहून पाठवले. ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ ह्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाले. सोबतच्या चित्रांना आधार गंगारामच्या रेखाटनांचा होता. लेखात मॅलेटने लेण्यांच्या काळाविषयी स्थानिकांनी सांगितलेल्या दोन परंपरा नोंदल्या आहेत. मुसलमान माहितगाराच्या मते ती सुमारे ९०० वर्षांपूर्वीची होती, तर ब्राह्मण माहितगाराच्या मते ७,८९४ वर्षांपूर्वीची. दोन्ही परंपरांत लेण्यांचा कर्ता राजा ‘ईल’ हाच होता. आज आपण जाणतो की, वेरूळची ३४ प्रमुख लेणी साधारणतः सहाव्या ते दहाव्या शतकांतील असून कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळाशी, म्हणजे आठव्या शतकाशी, निगडित आहे. पहिली परंपरा सत्याच्या बरीच जवळ होती, दुसरी अतिशय दूर. दोहोंपैकी कोणती स्वीकारावी, हे ठरवण्याचे साधन मात्र मॅलेटजवळ नव्हते.

शब्दवर्णनाची ही मर्यादा ध्यानात घेण्याजोगी आहे. वर्णन लिहिणारा आपल्या काळाच्या ज्ञानाने बांधलेला असतो. ज्या नावाने तो वस्तू ओळखतो, त्याच नावाने ती नोंदतो, आणि नाव चुकले की वर्णनाचा मोठा भाग चुकतो. बौद्ध लेण्याला वैदिक देवशिल्पी विश्वकर्म्याचे नाव मिळाले, ते असेच. रेखाटन करणाऱ्यालाही अज्ञान असतेच, परंतु त्याला नाव देण्याची सक्ती नसते. मूर्तीचा हात कोणत्या मुद्रेत आहे, खांब चौकोनी आहे की अष्टकोनी, कमानीचा वळसा कोठे सुरू होतो, हे त्याला ठरवावे लागते. त्यामुळे मूर्ती कोणाची हे ठाऊक नसतानाही तो तिचे उपयुक्त चित्र काढू शकतो. पुढे ओळख बदलली तरी त्याची रेखा निरुपयोगी होत नाही. मॅलेटच्या लेखातील कालगणना आता केवळ कुतूहलाचा विषय आहे. त्याच प्रवासातील चित्रे मात्र, दोन शतकांपूर्वी लेण्यांची स्थिती काय होती हे पाहू इच्छिणाऱ्यास आजही उपयोगी पडतात.

वेल्सच्या रेखाटनांचीही हीच गोष्ट आहे. तो गेल्यानंतर त्याचे काम विलायतेस पोहोचले. त्याची ज्येष्ठ कन्या सुसॅना हिच्याशी मॅलेटने १७९९ मध्ये विवाह केला. वेल्सच्या वेरूळच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये २४ चित्रफलकांचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध केला. युरोपातील असंख्य वाचकांस वेरूळची पहिली ओळख ह्या फलकांनी करून दिली. त्यांवर वेल्स आणि डॅनियल ही दोन नावे आली. गंगारामचे नाव विस्मृतीत गेले, ते अलीकडील संशोधनामुळे पुन्हा पुढे येत आहे.

४

आता द्रुतरेखाटन आणि पुरे चित्र ह्यांतील भेदाकडे वळू. १७९० मध्ये कंपनी, पेशवे व निजाम ह्यांच्यात टिपू सुलतानाविरुद्ध तह झाला. ह्या प्रसंगाचे भव्य तैलचित्र मॅलेटने वेल्सकडे सोपवले होते. वेल्स मध्येच वारल्यामुळे त्याच्या रेखाटनांवरून ते डॅनियलने पुरे केले, आणि १८०५ मध्ये ते लंडनच्या रॉयल अकादमीत प्रदर्शित झाले. सध्या ते टेट कलासंग्रहात आहे. शनिवारवाड्यातील भरलेला दरबार, मध्यभागी तरुण पेशवे, जवळ नाना फडणीस, आणि तहाचा कागद सादर करणारा मॅलेट, अशी त्याची रचना आहे.

मराठी वाचकाला ह्या चित्राचे मोल मोठे आहे. १८२८ मध्ये लागलेल्या आगीत शनिवारवाड्याच्या आतील इमारती जळून गेल्या, आणि तेथील महालांचे दर्शन आता अशाच साधनांतून घ्यावे लागते. परंतु येथे अभ्यासकाने सावध असावयास हवे. तह झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात नव्हता. डॅनियलही त्या वेळी पुण्यात नव्हता. तेव्हा ज्यांनी चित्र काढले, त्यांपैकी कोणीही तो दरबार पाहिलेला नाही. कोण कोठे बसले, कोणी कोणाकडे पाहिले, कागद कोणत्या क्षणी पुढे झाला, हे सर्व मांडणीचे काम आहे, आणि ती मांडणी चित्र मागवणाऱ्याच्या प्रतिष्ठेस अनुकूल अशीच होणार. ह्याउलट, वेल्सने पुण्यात ज्यांना समोर बसवून पाहिले त्यांचे चेहरे, आणि जी वास्तू डोळ्यांनी पाहिली तिची रूपरेषा, ह्यांना साक्षीचे मूल्य आहे. एकाच चित्रफलकात दोन प्रतींचा पुरावा एकत्र आलेला आहे. एक वस्तूच्या सान्निध्यातून आलेला, दुसरा चित्रशाळेत रचलेला. पहिला वेगळा काढावयाचा, तर चित्रापाशी थांबून भागत नाही, रेखाटनांपर्यंत मागे जावे लागते. तहाच्या प्रसंगाचे प्रत्यक्षदर्शी चित्र म्हणून हा फलक दाखवणे सोयीचे असले, तरी ते शास्त्राला धरून नाही.

निर्मितीच्या दृष्टीनेही ह्याच उदाहरणातून एक गोष्ट दिसते. लंडनमध्ये बसून डॅनियलला पुण्याचा दरबार उभा करता आला, तो मृत मित्राच्या रेखाटनांच्या बळावर. द्रुतरेखाटन अपुरे असते म्हणूनच ते दुसऱ्याच्या हाती चालते. त्यात निर्णय झालेले असतात, पण ते बंदिस्त झालेले नसतात.

५

येथवर द्रुतरेखाटनाचा विचार साधन म्हणून झाला. ते आपल्या स्वतःच्या अभ्यासाची रीत म्हणूनही स्वीकारावे, असे सुचवून हा लेख संपवावयाचा आहे. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात छायाचित्रयंत्र आहे. अभ्याससहलीत दोनशे छायाचित्रे घेऊन परतणाऱ्या विद्यार्थ्याला लेण्याचा साधा आराखडा फळ्यावर काढावयास सांगितले, तर तो पुष्कळदा अडतो. यंत्राने सर्व काही टिपले, पण त्याने स्वतः काहीच ठरवले नाही, हे त्याचे कारण होय.

कार्ल्याच्या चैत्यगृहाचे उदाहरण घ्या. सुमारे १२४ फूट लांबीच्या ह्या दालनात दोहो बाजूंस प्रत्येकी १५ स्तंभ आहेत. त्यांना कुंभाकृती पाया आहे, शीर्षांवर हत्ती व स्वार आहेत. स्तूपाच्या मागील अर्धवर्तुळात आणखी ७ स्तंभ आहेत, आणि ते साधे अष्टकोनी आहेत. त्यांना ना पाया, ना शीर्ष. प्रवेशद्वारातून घेतलेल्या छायाचित्रात नजर स्वाभाविकच स्तूपाशी थांबते. परंतु वहीत आराखडा काढू लागलेल्या विद्यार्थ्याला खांब मोजावेच लागतात. मागे गेल्यावर त्याची पेन्सिल थबकते, कारण आतापर्यंतची आकृती तेथे लागू पडत नाही. हे सात खांब साधे का? ते उपासकाच्या दृष्टीआड होते म्हणून, की आणखी काही कारणाने? उत्तर काहीही असो, प्रश्न रेखाटनातून निर्माण झाला, आणि संशोधनाचा आरंभ प्रश्नापासून होतो.

ह्या अनुभवाला अलीकडील प्रयोगांचाही आधार आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही शब्द लिहून काढावयास व काही शब्दांची चित्रे काढावयास सांगितले होते. चित्रे काढलेले शब्द पुढे अधिक आठवले. चित्रासाठी केवळ चार सेकंद दिले तरी हा फरक राहिला, आणि चित्र चांगले की वाईट ह्यावर तो अवलंबून नव्हता. हे प्रयोग शब्दांवरचे आहेत, लेण्यांवरचे नव्हेत, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही “मला चित्र काढता येत नाही” ही जी सबब आपल्याकडे नेहमी ऐकू येते, तिचे बळ त्यांनी बरेच कमी केले आहे.

आपल्या परंपरेत ह्याचे आदर्श आहेत. विष्णु श्रीधर वाकणकर (१९१९–१९८८) हे चित्रकार व पुरातत्त्वज्ञ दोन्ही होते. १९५७ मध्ये त्यांनी भीमबेटकाची चित्रित शैलगृहे विद्वानांच्या नजरेस आणली, आणि शैलचित्रांच्या हाताने उतरवलेल्या प्रतिकृती हा त्यांच्या संशोधनाचा पाया होता. महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थी शाळेत एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या रेखाकला परीक्षा देतात. त्यांपैकी जे इतिहासाकडे वळतात, ते पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत पेन्सिल सोडून देतात, आणि आम्ही अध्यापकही ती त्यांना पुन्हा हाती घ्यावयास सांगत नाही. ही आमची उणीव आहे.

म्हणून एक साधी सूचना करतो. यापुढील अभ्याससहलीत प्रत्येकाने एक कोरी वही न्यावी. स्थळी पोहोचल्यावर पहिली वीस मिनिटे छायाचित्र घेऊ नये. एक आराखडा, एक स्तंभ आणि एक मूर्ती एवढे वहीत उतरवावे, आणि प्रत्येकाखाली तारीख, वेळ व आपण कोठे उभे होतो ते लिहावे. मगच छायाचित्रे घ्यावीत. छायाचित्र अचूक असते व ते हवेच, परंतु त्यात काय शोधावयाचे हे वहीने आधी सांगितलेले असेल. गेंड्याच्या चित्राला १७९० ही तारीख नसती, तर गंगाराम तांबटाविषयीचा आपला समज आजही चुकीचाच राहिला असता. आपल्या वहीतील कोणत्या पानाला उद्या असे मोल येईल, हे आज सांगता येणार नाही. ते पान भरलेले असावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.