शिक्षक-पालक संवाद : आमेर परिसर (जयपूर, राजस्थान)

शिक्षक-पालक संवाद : मुलाची हजेरी, अभ्यास, वागणूक, आरोग्य आणि आवडीनिवडी यांविषयी शिक्षक आणि घरची मंडळी यांच्यात चालणारे नियमित व दुतर्फी बोलणे. पालकसभा, गृहभेट, वही, प्रगतिपत्रक आणि आता मोबाइल ही त्याची साधने आहेत. शाळेने घरी धाडलेली सूचना म्हणजे संवाद नव्हे. पालकाला मुलाबद्दल जे ठाऊक असते ते शिक्षकापर्यंत पोचले आणि त्यामुळे वर्गातले शिकवणे काही अंशी बदलले, तरच त्याला संवाद म्हणता येते. ही नोंद मुख्यतः आमेर व जयपूर भागातील प्राथमिक शाळांपुरती आहे. महाराष्ट्रातील समांतर प्रयत्नांचा परामर्श शेवटी घेतला आहे.

परिसर : आमेर (जुने मराठी रूप आंबेर) ही कछवाह्यांची राजधानी होती. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसवल्यावर राजधानी तिकडे गेली. किल्ल्यामुळे गाव पर्यटनाच्या नकाशावर आहे. आमेर तहसिलात गावाखेरीज कूकससारखी दिल्ली रस्त्यावरची खेडी, डोंगरालगतच्या ढाण्या (वाड्या) आणि शहराला चिकटलेल्या वस्त्या येतात. घरची बोली ढूंढाडी, शाळेची भाषा हिंदी. शेती, पशुपालन, बांधकाम, हॉटेलांतील नोकरी, दगडकाम आणि घरबसल्या चालणारी कारागिरी हे पालकांचे व्यवसाय. कुंडा भागातल्या हाथीगावात माहुतांची कुटुंबे राहतात. किल्ल्यावरची हत्तीची फेरी सकाळी असल्याने माहुत पालक नेमका शाळेच्या पहिल्या तासांत कामावर असतो. हॉटेलात काम करणारा पालक संध्याकाळी सापडत नाही, तर बांधकामावरचा मजूर दिवसा सापडत नाही. ‘पालक येत नाहीत’ ही शाळांची नेहमीची तक्रार या वेळापत्रकाशी ताडून पाहावी लागते.

कायदा : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती व इतर संबंधित माहिती त्यांना देणे हे त्यांपैकी एक. पालकांशी बोलणे हा शिक्षकाच्या सौजन्याचा भाग न राहता नेमून दिलेले काम झाले, हे या कलमाचे महत्त्व. कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करावी लागते. समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य स्त्रिया असावेत. दुर्बल व वंचित गटांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर जागा मिळावी, असे बंधन आहे. राजस्थानात या समितीची साधारण सभा व कार्यकारिणी अशी दोन अंगे आहेत. साधारण सभेत शाळेतील सर्व मुलांचे पालक येतात. त्यामुळे निदान कागदावर तरी एकही पालक समितीबाहेर राहत नाही.

पूर्वपीठिका : राजस्थानात या विचाराला कायद्याआधीचा इतिहास आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या शिक्षाकर्मी प्रकल्पात बाहेरचे शिक्षक टिकत नसलेल्या दुर्गम गावांत तिथल्याच तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन शिक्षक नेमले गेले. गावचाच माणूस शिकवू लागला की पालकांशी बोलण्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही, हा त्यातून मिळालेला धडा.

१९९२ मध्ये लोक जुम्बिश ही योजना निवडक विकासगटांत सुरू झाली. अनिल बोर्दिया तिचे प्रमुख होते. तिच्यातील ‘शाला मानचित्रण’ ही पद्धत मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. गावातल्या लोकांचे प्रेरक दल आणि स्त्रियांचा गट तयार होई. ही मंडळी घरोघर फिरून गावाचा नकाशा काढत. नकाशात प्रत्येक घर असे आणि त्या घरातले कोणते मूल शाळेत जाते, कोणते जात नाही, हे खुणेने दाखवलेले असे. नकाशा सर्वांसमोर मांडला की चर्चा आपोआप नेमकी होई. ‘आमच्या गावात मुली शिकत नाहीत’ या मोघम वाक्याच्या जागी अमुक घरातली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, तमुक घरातली शेळ्यांमागे जाते, असे बोलणे सुरू होई. उपायही मग त्या त्या घरापुरता शोधावा लागे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर स्वीडनने मदत थांबवली आणि योजनेचा मूळ जोम ओसरला. आज राजस्थानात प्रवेशोत्सवाच्या काळात शिक्षक घरोघर पाहणी करतात. तिचे स्वरूप बरेचसे पटनोंदणीचे असते. गावाने एकत्र बसून चर्चा करण्याचा भाग तिच्यात क्षीण झाला आहे.

बोध शिक्षा समिती : जयपूरमधील या संस्थेने १९८७ मध्ये गोकुलपुरी या झोपडवस्तीत काम सुरू केले. आमेर तहसिलातील कूकस येथे संस्थेचा परिसर व शाळा आहे. तिच्या शाळांना बोधशाला म्हणतात. शाळा उघडण्याआधी वस्तीत जाऊन लोकांशी बोलायचे, शाळा कशी हवी हे त्यांच्याकडून ऐकायचे आणि जागा व श्रम यांत वस्तीचा वाटा घ्यायचा, असा या कामाचा क्रम राहिला. मुले इयत्तांऐवजी गटांत शिकतात. वार्षिक परीक्षेच्या गुणांवर भर नसल्याने पालकांना प्रगती सांगायची तर मुलाचे प्रत्यक्ष कामच दाखवावे लागते. शिक्षकाने वस्तीत नियमित जाणे हा त्याच्या कामाच्या दिवसाचाच भाग मानला जातो. वस्तीतल्याच, फारसे शिक्षण न झालेल्या स्त्रियांना तयार करून बालवर्गात ‘मातृशिक्षिका’ म्हणून सामील करून घेण्याचा प्रयोगही संस्थेने केला. त्यामुळे आई आणि शिक्षिका यांच्यातले अंतर शाळेच्या आतच कमी झाले.

जयपूरच्या दुसऱ्या टोकाला जगतपुरा भागात दिगंतर ही संस्था आहे (स्थापना १९७८). तीही परीक्षाविरहित शिक्षणाचा प्रयोग दीर्घकाळ करत आली आहे.

अमावास्येची सभा : राजस्थानात व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेसाठी अमावास्येचा दिवस धरला जातो. गवंडी, सुतार, मजूर आणि अनेक कारागीर अमावास्येला काम बंद ठेवतात, ही जुनी रीत. एरवी रोज बुडवून शाळेत यावे लागणाऱ्या बापाला त्या दिवशी येण्याची मुभा असते. सभेचा दिवस ठरवताना पालकांच्या कामाचे वेळापत्रक आधी पाहिले गेले, ही या व्यवस्थेतील खरी शहाणीव. मात्र हॉटेल आणि पर्यटन यांवर जगणाऱ्या घरांना अमावास्येची सुटी नसते. आमेरमध्ये अशी घरे पुष्कळ असल्याने त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवणे इष्ट.

सभा फलदायी व्हायची तर तिचा क्रमही सांभाळावा लागतो. सरकारी योजना, खात्याची पत्रके आणि इमारतीसाठी देणगीचे आवाहन यांनी सुरुवात झाली की पालक श्रोते बनतात. मुलांनी काही करून दाखवले, मग वर्गशिक्षकांनी आपापल्या वर्गातील पालकांना बाजूला घेऊन दहा मिनिटे बोलणे केले आणि समितीचे ठराव शेवटी घेतले, तर लोक पुढच्या वेळी येतात. एका मुलाची उणीव भरसभेत कधीही सांगू नये. इतिवृत्तावर नुसता अंगठा घेण्याऐवजी ते मोठ्याने वाचून दाखवावे.

गृहभेट : सर्व साधनांत गृहभेट सर्वांत परिणामकारक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शाळेत बोलावलेला पालक बहुधा बचावाच्या पवित्र्यात येतो. स्वतःच्या अंगणात तो यजमान असतो आणि मोकळेपणाने बोलतो. गृहभेटीचे काही संकेत अनुभवाने रूढ झाले आहेत.

(१) पहिली भेट तक्रारीची नसावी. सत्राच्या पहिल्या महिन्यात, काहीही बिनसलेले नसताना घेतलेली भेट वर्षभर उपयोगी पडते.

(२) आधी निरोप द्यावा आणि वेळ पालकाला ठरवू द्यावी.

(३) सोबत मुलाची वही न्यावी, हजेरीपट नेऊ नये. पट पाहिला की पालकाला झडती वाटते.

(४) आधी विचारावे, मग सांगावे. घरी मूल काय करते, कोणाजवळ बसते, कशाला घाबरते, कोणते काम हौसेने करते हे प्रश्न आईला किंवा आजीला विचारले की शिक्षकाला वर्गात न दिसलेले मूल कळते.

(५) घरी दिलेले पाणी, चहा घ्यावा. शिक्षकाने कोणाच्या घरचे पाणी घेतले आणि कोणाच्या घरी ‘आत्ताच प्यालो’ म्हटले, हे वस्ती विसरत नाही. जातीच्या प्रश्नावर शिक्षकाची भूमिका भाषणातून नव्हे, इथे कळते.

(६) शक्य तिथे ढूंढाडीत बोलावे. शुद्ध हिंदीचा आग्रह धरला की न शिकलेली आई गप्प होते. ‘थांको टाबर’ (तुमचे मूल) म्हणून सुरुवात केली की तिचा संकोच मोडतो.

(७) सासरे किंवा दीर समोर असताना अनेक घरांत सून घुंघटात असते आणि बोलत नाही. पुरुष शिक्षकाने अशा वेळी आईकडून उत्तराचा हट्ट धरू नये. शिक्षिका, अंगणवाडी कार्यकर्ती किंवा आशा सहयोगिनी यांच्यासोबत स्त्रियांची वेगळी बैठक घेणे अधिक उपयोगी. राजस्थानात १९८४ पासूनच्या महिला विकास कार्यक्रमातील ‘साथिन’ (गावपातळीवरील कार्यकर्त्या) आणि लोक जुम्बिशमधील महिला गट यांनी ही वाट आधीच रुळवली होती.

वही आणि प्रगतिपत्रक : श्रेणी किंवा टक्के न शिकलेल्या पालकाला काही सांगत नाहीत, ‘गणितात कच्चा’ हा शेरा शिकलेल्यालाही काही सांगत नाही. नेमकी चूक दाखवणे हा उत्तम मार्ग. उदाहरणार्थ, तिसरीतले मूल ४७ आणि ३८ यांची बेरीज ७१५ लिहिते. सात आणि आठ पंधरा त्याला येतात, चार आणि तीन सात येतात. फक्त हातचा घेणे समजलेले नाही. शिक्षकाने दहाच्या चार नोटा आणि सात सुटे रुपये, दहाच्या तीन नोटा आणि आठ सुटे असे मांडावे, पंधरा सुट्यांतले दहा देऊन एक नोट घ्यावी आणि पंचाऐंशी मोजून दाखवावेत. हिशेब रोज करणाऱ्या पालकाला चूक तत्काळ कळते. मूल मंद नाही, एकच पायरी राहिली आहे, हेही कळते. शिवाय घरी काय करून घ्यायचे याचा उपाय हाती येतो. महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराची दोन पाने शेजारी ठेवून दाखवली, तर प्रगतिपत्रकाचे काम अधिक चांगले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे आणि तिला पालकसभांची जोड द्यावी असे सुचवले आहे.

मोबाइल : एप्रिल २०२० मध्ये, शाळा बंद असताना, राजस्थानात ‘स्माइल’ हा उपक्रम सुरू झाला. व्हॉट्सॲप गटांवरून अभ्यास पालकांच्या फोनवर येऊ लागला. पुढे ‘आओ घर में सीखें’ या कार्यक्रमात फोन व गृहसंपर्क यांची भर पडली. यातून प्रत्येक वर्गाचा पालकगट तयार झाला, तो बहुतेक ठिकाणी टिकून आहे. मर्यादाही स्पष्ट झाल्या. घरातला फोन बापाबरोबर कामावर जातो, त्यामुळे आई गटाबाहेर राहते. ज्याला वाचता येत नाही त्याला लेखी संदेश निरुपयोगी. आवाजातला छोटा निरोप अधिक पोचतो. मुलाची चूक, गैरहजेरी किंवा फीची बाब गटावर टाकू नये.

खासगी शाळा : ओळखपत्र, दैनंदिनी आणि ठरावीक शनिवारची पालकसभा ही येथील रूढ साधने.

अडचणी : शिक्षकांकडे अध्यापनाबाहेरची कामे आणि ऑनलाइन नोंदी बऱ्याच असतात, एकशिक्षकी शाळेत गृहभेटीला वेळ काढणे कठीण. हंगामी स्थलांतरामुळे मूल मध्येच दिसेनासे होते. अशा घराशी आधीपासून बोलणे असेल तर जाण्यापूर्वी निरोप मिळतो आणि परतल्यावर मूल पुन्हा शाळेत येते. आठवीनंतर मुलींचे शिक्षण थांबणे व लवकर होणारे विवाह यांविषयी शिक्षकाने कितपत व कसे बोलावे, याबाबत मतभेद आहेत.

महाराष्ट्र : ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचा प्रसार केला, तो पालकांना बरोबर घेऊनच. ‘शिक्षणपत्रिका’ हे त्याचे एक साधन. बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आदिवासी आईने शाळेत यावे अशी अपेक्षा न धरता शिक्षिकेने तिच्या दारी जावे, हा या अंगणवाडीचा गाभा. पुण्यातून १९८७ पासून निघणाऱ्या ‘पालकनीती’ मासिकाने पालकत्वाचा विचार मराठीत सातत्याने मांडला. राज्यातील प्राथमिक शाळांत माता-पालक संघ आहेत. २०२२ च्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगाव मातांचे गट तयार झाले आणि पहिलीत जाणाऱ्या मुलांची तयारी आयांनी घरी करून घेतली. शुल्क विनियमन अधिनियम, २०११ मुळे पालक-शिक्षक संघ बंधनकारक झाला. तथापि खासगी शाळांत त्याची चर्चा शुल्कापाशीच अधिक थांबते.

इतरत्र : अमेरिकेत १८९७ मध्ये स्थापन झालेल्या मातांच्या राष्ट्रीय संघटनेतून पालक-शिक्षक संघाची चळवळ वाढली. इंग्लंडमध्ये १९६७ च्या प्लाउडन अहवालाने पालकांच्या सहभागावर भर दिला. जपानमध्ये सत्रारंभीची गृहभेट आणि शिक्षक-पालकांमध्ये फिरणारी निरोपवही रूढ आहे. दिल्लीतील सरकारी शाळांत ३० जुलै २०१६ रोजी एकाच दिवशी व्यापक पालकसभा घेण्यात आली.

मूल्यमापन : अशा संवादाने गुणांत किती भर पडते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हजेरी आणि गळती यांवर मात्र त्याचा प्रभाव शिक्षकांना रोज दिसतो. आमेर परिसराच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष असा, की समित्या, गट आणि पोर्टल यांची संख्या संवादाची हमी देत नाही. शाळेने पालकाच्या कामाच्या वेळेप्रमाणे आपली वेळ ठरवली, त्याच्या बोलीत तोंड उघडले आणि तक्रारीऐवजी मुलाचे काम पुढे ठेवले, तिथे पालक बोलू लागले. हे तीन बदल शाळेच्या आवाक्यातले आहेत, आणि त्यांसाठी निधी किंवा नवा शासन-निर्णय लागत नाही.