टूटूचा जमाखर्च

कॉमर्सच्या पदवीधरानं नृत्यकलेवर लिहू नये, असं काही रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक नाही, म्हणून हे धाडस. एरवी माझा नाचाशी संबंध गणपतीच्या मिरवणुकीपुरता, आणि तिथंही मी इतरांच्या चपला सांभाळत उभा असतो. पण बॅलेतल्या नर्तकी कमरेभोवती तो जो ताटासारखा आडवा झगा घालतात, त्यानं मला बरेच दिवस छळलं. तो खाली का पडत नाही? आमच्या सौ.ला विचारलं, तर ती म्हणाली, "आधी वार किती लागतं ते बघा." पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, त्या झग्याला टूटू म्हणतात, त्यात जाळीच्या कापडाचे दहा-बारा थर असतात, आतल्या एका थरात बहुधा तारेचं कडं ओवलेलं असतं, आणि वरच्या थरापेक्षा खालचा थर आखूड, त्याखालचा त्याहून आखूड, अशी ती उतरंड एकमेकींना तोलून धरते. नाव फ्रेंच. तिकडची लहान मुलं आपल्या बसायच्या जागेला लाडानं जो शब्द वापरतात, त्यावरून ते आलं असावं, असं कोशकार म्हणतात. इतकी उंच कला, आणि नाव कुठून घेतलं पाहा!

मुळात हा झगा पायघोळच होता. त्याच्याही आधी तर बायकाच नव्हत्या. पॅरिसच्या ऑपेरात १६८१ पर्यंत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच मुखवटे लावून नाचत. (बालगंधर्वांच्या मुलखातल्या वाचकाला यात नवल वाटू नये.) पुढं बायका आल्या त्या दरबारी थाटासकट. कमरेला पिंजरे, त्यावर भरजरी कापड, खाली उंच टाचा. पाय कुठं पडतोय ते नाचणारीलाच ठाऊक. मारी कामार्गो या नर्तकीला हे परवडेना. १७२६ साली ती ऑपेरात आली. हवेत उडी घेऊन खाली येईपर्यंत पायांची कात्री चालवण्यात बाई पटाईत. आता ही सगळी मेहनत झग्याखाली झाकलेली राहणार म्हणजे ओव्हरटाइम करायचा आणि रजिस्टरात नोंद नाही, त्यातलाच प्रकार. तिनं झगा वर घेतला. किती? तर घोटे दिसतील इतका. पॅरिससारखं शहर, पण दोन घोट्यांनी हादरलं.

खरी क्रांती १८३२ सालची. मारी टाग्लिओनीनं 'ला सिल्फीद' या बॅलेत परीचं काम केलं. बाप नृत्यशिक्षक. त्यानं तिला रोज सहा-सहा तास इतकं राबवलं होतं की, आमच्या ऑडिटच्या दिवसांत आम्हीसुद्धा तेवढे राबत नाही. पायांच्या टोकांवर तरंगणारी ती परी, आणि अंगात पांढऱ्या पातळ कापडाचा घंटेसारखा झगा. ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आले होते. त्या उजेडात हा झगा धुक्यासारखा दिसे. लोक वेडे झाले. रशियात तर तिच्या चाहत्यांनी तिचे बूट लिलावात घेतले आणि शिजवून, रस्सा घालून खाल्ले, असं सांगतात. मी तरी कुठल्या कलावंताचं चप्पल खाण्याइतका रसिक नाही.

पण मलमल आणि गॅसची ज्योत यांचं शेजार म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात कधी उभ्या राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. १८४४ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेब्स्टर नावाची नर्तकी भर प्रयोगात अशीच पेटली आणि तीन दिवसांत गेली. अखेर फ्रान्समध्ये १८५९ साली सरकारी फर्मान निघालं की रंगमंचावरचं कापड रसायनात बुडवून आगरोधक करावं. उपाय चांगला होता. फक्त ते कापड ताठ आणि मळकट दिसायचं.

एमा लिव्ही तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. टाग्लिओनी तिला शिकवण्यासाठी निवृत्ती सोडून पॅरिसला आलेली. ज्योतीवर पंख जळणाऱ्या फुलपाखराचा बॅले तिनं या पोरीसाठी १८६० साली बसवला. आणि त्याच साली या पोरीनं ऑपेराच्या डायरेक्टरला लिहून दिलं की, मी माझ्या नेहमीच्याच झग्यात नाचणार, काही झालं तर जबाबदारी सर्वस्वी माझी.

हा कागद मला फार ओळखीचा वाटला. आमच्याकडे त्याला इंडेम्निटी म्हणतात. पासबुक हरवलं, लॉकरची किल्ली हरवली, की आम्ही तो लिहून घेतो. सही करणारा मजकूर कधी वाचत नाही. या मुलीनं मजकूर स्वतः लिहिला होता. डायरेक्टरनं तो फायलीला लावला असणार, आणि फाइल पूर्ण झाली की साहेबाला झोप चांगली लागते. मुलीला वेडी म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. वजन नसल्यासारखं दिसणं हाच तिचा धंदा. ताठ झग्यात ती परी न दिसता खळ घातलेली चादर दिसली असती.

१५ नोव्हेंबर १८६२. तालीम चालू होती. भूमिका एका मुक्या मुलीची. तिनं झग्याचा घेर झटकून नीट केला आणि जवळच्या दिव्यानं तो धरला. पेटलेल्या अंगानं ती रंगमंचभर धावली. फायरमननं ब्लँकेट टाकलं तोवर उशीर झाला होता. आठ महिने यातना सोसून ती गेली, एकविसावं पुरं व्हायच्या आत. आजारपणातही ती म्हणत होती की, रसायनाचे झगे सुरक्षित खरे, पण परत उभी राहिले तरी ते घालणार नाही. जळून उरलेले कापडाचे तुकडे ऑपेराच्या संग्रहालयात ठेवले आहेत.

पुढं १८८१ साली लंडनचं सॅव्हॉय थिएटर संपूर्ण विजेवर उजळलं आणि हळूहळू सगळीकडचा गॅस गेला. झगा मात्र वरच चढत राहिला. इटालियन नर्तकींच्या गिरक्या पायघोळात मावेनात. १८८५ साली सेंट पीटर्सबर्गला व्हिर्जिनिया झुक्कीनं आजीबाईंचा झगा मी घालणार नाही म्हणून तो कापायला लावला, असं सांगतात. दहा वर्षांनी पिएरिना लेन्यानीनं 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. गुडघा झाकलेला असता तर कुणी मोजल्या असत्या? पुरुषांची गत निराळी. १९११ साली निजिन्स्कीनं घट्ट पायमोज्यांवरची आखूड चड्डी न घालता काम केलं, तर राजघराण्यासमोर असभ्य पोशाख केला म्हणून त्याला नोकरीवरून काढलं. युनियन नव्हती, दुसरं काय.

तारेच्या कड्याची अडचण उरलीच होती. बॅलन्शिनच्या 'सिंफनी इन सी'मध्ये शेवटी पन्नासेक जण एकदम रंगमंचावर येतात. ताटं ताटांना आपटू लागली तर एकीचं खाली आणि दुसरीचं वर! १९५० साली बार्बरा कारिन्स्का या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तारच काढून टाकली. आखूड थर सैल टाक्यांनी एकमेकांवर फुलवले, पावडरच्या पफसारखे. हा टूटू आजही चालतो.

टूटू धुता येत नाही. घामाचा वास मारायला पोशाखवाले आतून व्होडका फवारतात आणि घेर मोडू नये म्हणून तो उलटा टांगतात. एक नर्तकी गेली की तोच दुसरीच्या अंगाला बसावा म्हणून पाठीला हुकांच्या ओळी अनेक असतात. आत पट्ट्या शिवलेल्या असतात. त्यांवर तो ज्यांनी ज्यांनी घातला त्यांची नावं असतात, एकाखाली एक.